गाऱ्हाणं कुणापुढे घालायचं?

कोकणातल्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. गुरव किंवा गावचा मानकरी देवापुढे नारळ ठेवतो, ‘बा देवा महाराजा’ म्हणून हाक मारतो आणि अमक्याच्या घरात काय अडलंय, कुणाला काय त्रास आहे ते खणखणीत आवाजात सांगू लागतो. भोवतालची माणसं दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं असतं तो हात जोडून गप्प उभा असतो. त्याच्या वतीने दुसरा बोलतो, आणि चार माणसांच्या देखत बोलतो.

‘ओम्बुड्समन’ या स्वीडिश शब्दाचा अर्थ यापासून फार लांब नाही. दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, प्रतिनिधी. सरकारी कचेरीने ज्याच्यावर अन्याय केला त्याचं म्हणणं ऐकायचं, कचेरीला जाब विचारायचा आणि जे आढळलं ते उघडपणे मांडायचं, एवढंच हे काम. आपल्याकडे त्याला लोकपाल आणि लोकायुक्त ही नावं मिळाली. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत या पदाचं काम बदलत गेलं. गाऱ्हाणं ऐकणाऱ्या माणसाकडून आपण चोर पकडण्याची अपेक्षा करू लागलो. हा बदल कसा झाला आणि त्यात आपल्या हातून काय निसटलं, ते मला इथे सांगायचं आहे.

आधी एक उदाहरण घेऊ. समजा, सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक मैलकामगार नोकरीत असतानाच वारला. बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं. पण सेवापुस्तकात मधल्या दोन वर्षांच्या नोंदी नाहीत, कारण तेव्हाची उपविभागाची कचेरी दुसऱ्या तालुक्यात हलली. सेवापुस्तकात बायकोचं नाव शांताबाई आहे, आधार कार्डावर शांता. ती अर्ज देते. उपविभाग विभागाकडे बोट दाखवतो, विभाग म्हणतो जुन्या कचेरीतून नोंदी मागवा. दर दोन-तीन महिन्यांनी एक पत्र येतं : ‘आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी अमुक कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे.’ तिच्या चपला झिजतात, दीड वर्ष जातं.

या सगळ्यात लाच कुणी मागितलेली नाही. त्यामुळे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा लावावा असं काही नाही. गुन्हा नाही, म्हणून पोलीस नाहीत. कोर्टात जायचं तर वकिलाची फी आणि तारखा. माहितीच्या अधिकारात तिला फार तर फाइल कोणत्या टेबलावर पडली आहे ते कळेल. पडलेली फाइल उचलायला लावणारं कुणीतरी हवं.

महाराष्ट्राने 1971 साली केलेला लोकायुक्त कायदा नेमका या बाईसाठीही आहे, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत. एक आरोप : पदाचा गैरवापर केला, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा फायदा करून दिला, सचोटी सोडली. दुसरं गाऱ्हाणं : गैरकारभारामुळे आपल्यावर अन्याय झाला किंवा विनाकारण जाच झाला. आणि गैरकारभार म्हणजे काय, तर अन्यायकारक, जुलमी, पक्षपाती निर्णय तर आलेच, पण निष्काळजीपणा आणि अवाजवी विलंबही त्यात मोडतो. म्हणजे कुणी वाईट हेतूने काही केलं हे तिला सिद्ध करावं लागत नाही. अवाजवी उशीर झाला आणि त्याचा जाच झाला, एवढंच पुरतं.

आणखी एक बारकावा सांगतो. सरकारी नोकरांच्या बदल्या, बढत्या, पगार, शिस्तभंगाची कारवाई यांतली गाऱ्हाणी या कायद्याने लोकायुक्तांच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. पण निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्यनिर्वाह निधी हे मात्र मुद्दाम आत ठेवले. नोकरीत असलेल्या माणसाला संघटना असते, वरिष्ठ असतात, न्यायाधिकरण असतं. निवृत्त झालेल्या माणसाला आणि त्याच्या विधवेला कचेरीत कुणी ओळखतही नाही. कायदा लिहिणाऱ्यांना याची जाण होती, असं मला हे कलम वाचताना दर वेळी वाटतं.

लोकायुक्तांकडे अशी तक्रार गेली की ते खात्याकडून अहवाल मागवतात. फाइल मागवता येते, अधिकाऱ्याला बोलावून शपथेवर विचारता येतं, त्यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. चौकशी खासगीत चालते. शेवटी ते शिफारस करतात : अमुक मुदतीत हा अन्याय दूर करा. खात्याने काय केलं ते कळवायचं असतं. समाधान झालं नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देतात, आणि तो सरकारच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला जातो. हुकूम नाही, शिक्षा नाही. सगळी भिस्त चार माणसांच्या देखत बोलण्यावर.

ही रचना आली कुठून? स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स लढाई हरून तुर्कांच्या आश्रयाला जाऊन राहिला होता. मागे राज्यात अधिकारी नीट वागतात की नाही हे पाहायला त्याने 1713 मध्ये एक अधिकारी नेमला. तो राजाचा माणूस होता. 1809 च्या राज्यघटनेने चित्र पालटलं : आता संसद स्वतःचा ओम्बुड्समन निवडू लागली, म्हणजे राजाच्या कारभारावर लोकप्रतिनिधींचा डोळा. हा स्वीडिश ओम्बुड्समन अधिकाऱ्यांवर खटलाही भरू शकत असे.

पुढे शंभर वर्षं हे पद स्वीडनबाहेर गेलंच नाही. फिनलंडने स्वतंत्र झाल्यावर ते घेतलं, पण जगभर पसरलं ते डेन्मार्कच्या नमुन्यामुळे. 1955 मध्ये फौजदारी कायद्याचे प्राध्यापक स्टेफान हुरविट्झ तिथले पहिले ओम्बुड्समन झाले. त्यांच्या पदाचं वळण खटल्याकडे नव्हतं. निर्णय फिरवण्याचा अधिकार नाही, फक्त टीका आणि शिफारस. तरीही खाती बहुधा ऐकत, कारण अहवाल संसदेत आणि वर्तमानपत्रांत पोचत असे. न्यूझीलंडने 1962 मध्ये हाच मार्ग घेतला. तिथले पहिले ओम्बुड्समन गाय पाउल्स त्या नेमणुकीआधी दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते. ब्रिटनने 1967 मध्ये पद निर्माण केलं, पण केंद्रीय खात्यांविरुद्धची तक्रार खासदारामार्फतच आली पाहिजे अशी अट घातली, ती अजून आहे. आमदाराचं पत्र आणा म्हटल्यावर सामान्य माणसाचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून महाराष्ट्राने थेट तक्रारीची वाट ठेवली याचं मला मोल वाटतं.

भारतात हा विचार याच लाटेत आला. ‘लोकपाल’ हा शब्द तेव्हाचे खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवींनी 1963 मध्ये सुचवला. 1966 मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. त्या अहवालाचं नावच होतं नागरिकांच्या गाऱ्हाण्यांच्या निवारणाचे प्रश्न. म्हणजे सुरुवात शांताबाईंपासून झाली होती. ओडिशाने 1970 मध्ये कायदा केला, पण लोकायुक्त प्रत्यक्ष कामाला लावणारं पहिलं राज्य महाराष्ट्र. 25 ऑक्टोबर 1972 पासून ही संस्था मुंबईत चालू आहे.

केंद्रात मात्र विधेयकं येत राहिली आणि लोकसभेबरोबर विरत राहिली. 1968 च्या पहिल्या विधेयकात आरोपांबरोबर गाऱ्हाणीही होती. पुढच्या दशकांत घोटाळे गाजत गेले, लोकांचा संताप वाढत गेला, आणि गाऱ्हाणी मसुद्यातून गळून पडली. 2011 मध्ये अण्णा हजारे आधी जंतरमंतरवर आणि मग रामलीला मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा देशाने ‘लोकपाल’ या शब्दाचा एकच अर्थ ऐकला : भ्रष्ट पुढाऱ्याला तुरुंगात घालणारा. 2013 चा लोकपाल कायदा त्याच अर्थाने लिहिला गेला. लोकपालाकडे करायची तक्रार म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार. अवाजवी विलंब, निष्काळजीपणा, टोलवाटोलवी यांना तिथे दार नाही. तोही कायदा जानेवारी 2014 मध्ये लागू झाला आणि पहिले लोकपाल, न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष, नेमले गेले मार्च 2019 मध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीअखेर अण्णांना राळेगणसिद्धीत याच मागणीसाठी पुन्हा उपोषण करावं लागलं होतं.

तो संताप खोटा होता असं मी म्हणणार नाही. मीही 2011 च्या त्या दिवसांत टीव्हीसमोरून हललो नव्हतो. आणि दात असलेला लोकायुक्त काय करू शकतो हे त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकात दिसलं. तिथे लोकायुक्तांच्या हाताखाली स्वतःचं पोलीस दल होतं. लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडेंनी बेकायदा खाणकामाचा अहवाल जुलै 2011 च्या शेवटी दिला, आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला.

पण पुढची गोष्टही तितकीच शिकवून जाते. काही वर्षांनी खुद्द लोकायुक्त कार्यालयातूनच पैसे उकळले जात असल्याचे आरोप झाले आणि डिसेंबर 2015 मध्ये तेव्हाच्या लोकायुक्तांनी राजीनामा दिला. 2016 मध्ये वेगळ्या पक्षाच्या सरकारने लाचलुचपतविरोधी विभाग नव्याने काढून लोकायुक्तांच्या पोलिसांची ताकद काढून घेतली. तो विभाग उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये रद्द केला, तोवर सहा वर्षं गेली. केरळातही तसंच. तिथल्या कायद्यानुसार लोकायुक्तांनी ठपका ठेवला तर मंत्र्याला पद सोडावं लागे. एप्रिल 2021 मध्ये मंत्री के. टी. जलील यांना ते सोडावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी विधानसभेने ते कलम बोथट करणारी दुरुस्ती मंजूर केली. दात दिले की एखाद दिवशी चावा बसतो, आणि चावा बसला की दात काढायची घाई होते.

गोव्याचं उदाहरण मला जास्त लागतं. न्यायमूर्ती पी. के. मिश्रा 2020 मध्ये गोव्याच्या लोकायुक्तपदावरून निवृत्त झाले. सरकारला आपण 21 अहवाल दिले आणि एकही मान्य झाला नाही, असं त्यांनी जाताना सांगितलं. आपला अनुभव एका वाक्यात सांगायचा तर ही संस्थाच बंद करावी, असंही ते म्हणाले. चिडून टाकलेलं वाक्य म्हणून ते सोडून देता येत नाही. चार वर्षं रोज तेच काम केलेल्या माणसाचं ते वाक्य आहे. पुढच्या वर्षी गोव्यानेही कायद्यात दुरुस्ती केली, लोकायुक्तांचे अधिकार कमी करणारी.

मग शिफारस न मानण्याची ही सोय बंदच करता येत नाही का? दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न थेट घटनेच्या न्यायालयात गेला. तिथल्या ओम्बुड्समनला पब्लिक प्रोटेक्टर म्हणतात, म्हणजे जनरक्षक. 2014 च्या मार्चमध्ये तेव्हाच्या जनरक्षक थुली माडोन्सेला यांनी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या न्कांडला गावच्या खासगी घरावरचा अहवाल दिला. सुरक्षेच्या नावाखाली त्या घरावर सुमारे 24 कोटी 60 लाख रँड सरकारी खर्च ठरला होता. त्यात गुरांचा गोठा होता, कोंबड्यांचं खुराडं होतं, पाहुण्यांसाठी इमारत होती, प्रेक्षकांना बसायच्या पायऱ्या होत्या आणि पोहण्याचा तलाव होता. तलावाचं समर्थन काय, तर आग लागली तर विझवायला पाणी! माडोन्सेलांनी गोठा, खुराडं, तलाव अशी एकेक गोष्ट घेऊन विचारलं, याचा सुरक्षेशी संबंध काय? आणि सांगितलं, ज्याचा संबंध नाही त्याच्या खर्चाचा वाजवी हिस्सा राष्ट्राध्यक्षांनी परत करावा.

झुमांनी दोन वर्षं टाळाटाळ केली. त्यांच्याच पोलीस मंत्र्याने वेगळा अहवाल काढून राष्ट्राध्यक्ष काहीच देणं लागत नाहीत असं जाहीर केलं. संसदेतल्या बहुमताने तो स्वीकारला. विरोधी पक्ष न्यायालयात गेले आणि 31 मार्च 2016 रोजी घटनेच्या न्यायालयाने एकमताने निकाल दिला : जनरक्षकांनी सांगितलेला उपाय बंधनकारक आहे. पटत नसेल तर न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्या, पण परस्पर बाजूला सारता येणार नाही. राष्ट्राध्यक्षांनी घटनेचं पालन केलं नाही, आणि संसदेनेही. झुमांना अखेर 78 लाख रँड भरावे लागले.

या निकालातला संसदेवरचा ठपका मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओम्बुड्समन हा संसदेचा कान आणि डोळा. त्याने सांगितलेलं सभागृहाने ऐकलंच नाही तर दोष त्याच्या एकट्याचा कसा? आपल्याकडे लोकायुक्तांचे अहवाल पटलावर ठेवले जातात, पण त्यावर सभागृहात तासभर रंगलेली चर्चा तुम्हाला आठवते का? गाऱ्हाणं घालणारा मानकरी बोलतोय आणि ‘व्हय महाराजा’ म्हणायला कुणी नाही, अशी ती स्थिती.

गाऱ्हाण्यांना किरकोळ समजणाऱ्यांसाठी नेदरलँड्सची गोष्ट सांगतो. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. फसवणुकीच्या संशयावरून कर खात्याने अनेक घरांचा भत्ता एकाएकी थांबवला आणि आधी दिलेले पैसेही परत मागितले. 2017 मध्ये राष्ट्रीय ओम्बुड्समनने अशा 232 कुटुंबांची तक्रार तपासून सांगितलं की खात्याने या लोकांशी अन्यायाने वागून त्यांना संकटात लोटलं आहे, भरपाई द्या. सरकारने तेव्हा ते मनावर घेतलं नाही. त्यानंतर एकेक करत अशीच हजारो घरं पुढे येत गेली, डिसेंबर 2020 मध्ये संसदीय समितीने कडक अहवाल दिला, आणि 15 जानेवारी 2021 रोजी सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्या प्रकरणात कुणी कुणाला पैशाचं पाकीट दिलं नव्हतं. नियम आंधळेपणाने राबवले गेले होते, आणि त्याने घरं मोडली. चोर शोधणाऱ्या यंत्रणेला हे दिसलंच नसतं.

म्हणून आता अनेक देशांत ओम्बुड्समन एकेका तक्रारीवर थांबत नाही. एकाच प्रकारची वीस गाऱ्हाणी आली की तो त्या वीस माणसांपुरतं न पाहता पद्धतच तपासतो : नमुना अर्ज चुकीचा आहे का, एखादा शासन निर्णय दोन खात्यांत दोन अर्थांनी वाचला जातोय का, संगणकात एक रकाना रिकामा राहिला की अर्ज अडकतो का. शांताबाई आणि शांता या नावांच्या फरकावर एक नीट सूचना निघाली तर किती विधवांच्या फाइली एका दिवसात हलतील!

महाराष्ट्रात मधल्या काळात नव्या कायद्याचीही तयारी झाली. विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये नवं लोकायुक्त विधेयक मंजूर केलं. 1971 च्या कायद्यात मुख्यमंत्री कक्षेबाहेर होते. नव्या विधेयकाने त्यांना आत आणलं, पण त्यांची चौकशी करायची तर आधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल. मुख्यमंत्री ज्या बहुमताच्या जोरावर पदावर असतात, त्याच सभागृहात दोन तृतीयांश मतं त्यांच्या चौकशीसाठी जमवायची! वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती या अटीवर, आणि ती व्हायलाच हवी होती. पण विधेयकाचा सगळा भर भ्रष्टाचाराच्या चौकशीवर आहे, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. 1972 पासून उघडी असलेली गाऱ्हाण्यांची खिडकी नव्या इमारतीत कुठे असेल, तिथे माणसं किती बसतील, हा प्रश्न मला मुख्यमंत्र्यांच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. सेवा हक्क कायदा 2015 पासून आहे हे खरं, पण तो अधिसूचित सेवांपुरता आहे : अमुक दाखला अमुक दिवसांत. दाखल्याच्या यादीत न बसणारा अन्याय त्यात मावत नाही.

तोवर ज्यांची फाइल अडली आहे त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. 1971 च्या कायद्याप्रमाणे गाऱ्हाणं असेल तर ती गोष्ट तुम्हाला कळल्यापासून 12 महिन्यांत लोकायुक्तांकडे जायला हवं. आरोप असेल तर मुदत तीन वर्षांची आणि सोबत प्रतिज्ञापत्र. उशीर झाला असेल तर त्याचं सबळ कारण लिहा, गाऱ्हाण्याच्या बाबतीत त्याचा विचार होऊ शकतो. तक्रारीत संताप कमी आणि तारखा जास्त असाव्यात : कोणता अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, उत्तर कधी आलं, कुणाच्या सहीचं. आणि कचेरीतून येणारं ते ‘उचित कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे’ छापाचं पत्र रागाने फाडून टाकू नका. अर्ज कधी, कुठून आणि कुणाकडे टोलवला, हे कचेरीने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं. लिफाफाही जपून ठेवा, त्यावर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख असते.